तीच द्रौपदी, वेगळं अंगण

तुळजापूरला नवरात्रात कधी गेला आहात? तिथे एक विलक्षण गोष्ट घडते आणि ती इतक्या उघडपणे घडते की आपण तिच्याकडे थबकून पाहतच नाही. एके दिवशी भवानी रथात विराजमान दिसते. एके दिवशी तिच्याकडे मुरली असते. मग शेषशाही अलंकार. मग भवानी तलवार अलंकार, त्यात आई छत्रपती शिवाजी महाराजांच्या हाती तलवार देते आहे. आणि मग महिषासुरमर्दिनी. पाच अलंकार महापूजा, पाच दर्शनं. मूर्ती मात्र तीच! तीच अष्टभुजा, तोच गाभारा, तेच डोळे.

मग बदललं काय? वस्त्रं, चार वस्तू, दिवस. एवढ्यावर समोरच्या माणसाच्या मनात उभी राहणारी कथा पार बदलून जाते. मुरली पाहणाऱ्याला कृष्ण आठवतो, तलवार पाहणाऱ्याला स्वराज्य. दगडावर एकही नवी रेघ ओढलेली नसते.

तुळजापूरची मूर्ती चल आहे, हेही ध्यानात घ्या. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठते आणि पलंगावर निद्रा घेते. शारदीय नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. सीमोल्लंघनाची पालखी येते थेट नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. प्रवेश, प्रस्थान, वेशभूषा, प्रकाश, वाद्यं आणि लाखोंचा प्रेक्षकवर्ग! भक्ती तर यात आहेच, पण नाटक कसं अर्थ धारण करतं याचा इतका सुंदर वस्तुपाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल.

कारण नाटकाचंही असंच असतं. संहिता तीच राहते आणि तिच्या भोवतीचं जग बदललं की तीच संहिता वेगळं बोलू लागते. हे होतं कसं? शब्द तर कागदावर छापून पक्के झालेले असतात ना?

या प्रश्नाचा पहिला धागा तुळजापूरच्या पायऱ्यांवरच सापडतो. तो म्हणजे गोंधळ.

लग्न झालं की कुळाचार म्हणून घरी गोंधळ घालायचा, ही धाराशिवकडच्या कितीतरी घरांची रीत. गोंधळाला रंगमंच लागत नाही. अंगण पुरतं. पाट मांडायचा, त्यावर नवा खण, तांदळाचा चौक, पाण्याचा कलश, नारळ. दिवटी पेटली, कमरेच्या संबळावर काठी पडली, तुणतुण्याची तार बोलली की काल ज्या अंगणात ज्वारी वाळत होती ते आज देवीचं सभागृह झालेलं असतं. गळ्यात कवड्यांची माळ घातलेला गोंधळी आता साधा माणूस राहिलेला नसतो. पाच मिनिटांत, पडदा न उघडता, जागेचा अर्थ बदलला!

आता खरी गंमत पाहा. गोंधळाच्या सुरुवातीला गोंधळी देवदेवतांना बोलावतो, त्यांच्या गावांसकट. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. आणि मग यजमानाच्या गावाचा, कुळाचा देव. कळंबकडचं घर असेल तर येरमाळ्याच्या येडाईला विसरून कसं चालेल? म्हणजे या रचनेत एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. तिथे तुमचा पत्ता भरायचा आहे! ज्या घरी प्रयोग होईल, त्या घराचं नाव संहितेत येऊन बसणार. शेकडो वर्षं टिकलेली ही नाट्यरचना टिकलीच मुळी या मोकळ्या जागेमुळे. दर अंगणात ती नव्यानं पुरी होते.

पुढे उत्तररंगात आख्यान सुरू होतं. मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येमध्ये प्रश्न विचारत राहतो. हा साथीदार फार मोलाचा. तो कथेतला नसतो, तुमच्यातला असतो. राजा रथातून निघाला म्हटलं की हा विचारणार, रस्ता आपल्या गावासारखाच होता का? अंगणात हशा पिकतो आणि त्या एका प्रश्नाबरोबर हजारो वर्षांपूर्वीची कथा आजच्या तालुक्यात येऊन उभी राहते.

आणि उजेडाचं काय? दिवटीच्या उजेडात गोंधळी दिसतो तसे शेजारीही दिसतात. आजी डोळे पुसते ते सुनेला दिसतं, कोण कोणत्या वाक्याला हसलं ते सगळ्या भावकीला कळतं. पूर्वी सगळी नाटकं अशीच पाहिली जात. शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर उघड्या छताचं, प्रयोग दुपारच्या लख्ख उजेडात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हाही विजेचे दिवे नव्हते आणि आजच्यासारखी लिहिलेली संवादांची वहीही नव्हती. सूत्रधार पदं गाई आणि पात्रं प्रसंग ओळखून बोलत. प्रेक्षागृह काळोखात बुडवायचं ही कल्पना आपल्याला सनातन वाटते, पण तिचा गाजलेला प्रारंभ १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला, संगीतकार वाग्नर यांच्या नाट्यगृहात झाला. दिवे मालवले आणि प्रेक्षक हजारोंच्या गर्दीत एकटा झाला! आता तो दुसऱ्यांची तोंडं न पाहता स्वतःपुरता रडू शकत होता. एका बटणानं नाटकाचा अर्थ सामुदायिक होतो की खासगी, हे ठरू लागलं. शब्द एकही बदललेला नाही.

इथवर आपण जागा पाहिली, उजेड पाहिला. आता एक पात्र घेऊ आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी कसं दिसतं ते पाहू. पात्र आहे द्रौपदी.

पहिली द्रौपदी गोंधळातली. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांनी रंगवलेलं 'जांभूळ आख्यान' मराठवाड्याच्या लोकपरंपरेतलं एक लखलखतं रत्न आहे. व्यासांच्या महाभारतात ही कथा शोधू नका. कथा अशी: द्रौपदी कर्णाला पाहते आणि तिच्या मनात येऊन जातं, हा सहावा असता तर? मनातली गोष्ट कृष्णाला कळते. वनात भीम झाडावरचं एकुलतं एक जांभूळ तोडतो. ते एका तपस्वी ऋषीचं. ऋषी जागा व्हायच्या आत फळ देठाला परत लागलं पाहिजे, नाही तर शाप. कृष्ण उपाय सांगतो, प्रत्येकानं आपल्या मनातलं खरं बोलायचं. एकेक पांडव खरं बोलतो आणि जांभूळ वर वर चढू लागतं. द्रौपदी मात्र मनातलं लपवते आणि फळ अडतं. शेवटी ती कर्णाचं नाव घेते, आणि फळ देठाला जाऊन चिकटतं!

जरा विचार करा. एक विवाहित स्त्री, महासती म्हणून पूजलेली, पाच पतींसमोर आपल्या मनातली ओढ कबूल करते. आणि ही कथा सांगितली जाते कुठे? लग्नघराच्या अंगणात, नव्या नवरीसमोर, सासूसमोर, देवीच्या साक्षीनं! चावडीवर कुणी हे बोललं असतं तर काय झालं असतं? अंगणात मात्र कुणी उठून जात नाही. कारण इथे देवी बसली आहे, दिवटी जळते आहे, आणि खरं बोलल्यावर फळ झाडाला लागतं हा चमत्कार सगळ्यांनी मनोमन पाहिला आहे. जे गावगप्पांत बदनामी ठरलं असतं ते विधीच्या चौकटीत सत्याचा महिमा ठरतं. चौकटीनं कथेला संरक्षण दिलं.

हेच आख्यान पुढे शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर नेलं आणि आपल्या अफाट गळ्यानं, अंगानं गाजवलं. आता समोर तिकीट काढून आलेला शहरी प्रेक्षक. नवस नाही, कुळाचार नाही. या प्रेक्षकाला दिसते ती कलावंताची किमया, एकाच पुरुषदेहातून प्रकटणारी द्रौपदी, आणि बाईच्या मनाला जागा देणारी लोककथेची धिटाई. अंगणात जे व्रत होतं ते नाट्यगृहात कला झालं. काही गमावलं, काही मिळालं. आख्यान तेच.

आता दुसरी द्रौपदी. साल १९०७. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, टिळकांच्या 'केसरी'तले सहकारी. नाटक 'कीचकवध'. प्रयोग करणारी महाराष्ट्र नाटक मंडळी. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, शाळकरी पोराला ठाऊक असलेली. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या राणीची दासी झाली आहे. राणीचा भाऊ कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. युधिष्ठिर कंकभट म्हणून दरबारात आहे, तो धीर धरायला सांगतो. भीम बल्लव आचारी झाला आहे, त्याला धीर धरवत नाही. शेवटी भीम कीचकाला मारतो.

यात राजद्रोह कुठे आहे? इंग्रजांचं नावसुद्धा नाही! पण १९०७ची हवा आठवा. दोनच वर्षांपूर्वी लॉर्ड कर्झननं बंगालची फाळणी केलेली. काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल असे दोन तट पडलेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेला ते उघड फुटले. अशा वेळी रंगमंचावर एक मदांध सत्ताधारी एका परदास्यातल्या स्त्रीचा अपमान करतो, थोरला पती सबुरीचा सल्ला देतो आणि धाकटा मुठी आवळतो. प्रेक्षागृहात कोणाला काय समजवायचं बाकी राहिलं? कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. हा अर्थ कुठे छापलेला नव्हता. तो पिटापासून बाल्कनीपर्यंत एकाच क्षणी हजार डोक्यांत उमटत होता!

सरकारलाही तो दिसला. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१०च्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' पुस्तकात या नाटकाचं तपशिलात वर्णन केलं आणि नेमका हाच उलगडा मांडला. पुढे टिळकांनी ज्यांच्यावर लंडनला खटला भरला ते हेच चिरोल. नाटक आल्यापासून जग आणखी तापलं होतं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. नाट्यगृह हीच आता सरकारच्या लेखी धगधगती जागा झाली. १९१०च्या जानेवारीत 'कीचकवधा'वर बंदी आली, १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली.

म्हणजे बघा, सरकारनं बंदी घातली ती संहितेवर, पण भीती होती ती संहितेत नसलेल्या गोष्टीची! हा गुंता सोडवायला मला तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट फार उपयोगी वाटते. संतांचा मेळा जमलेला आणि कुंभार असलेले गोरोबा हातात थापटणं घेऊन ते एकेका डोक्यावर मारत मडकं पक्कं की कच्चं ते सांगतात, ही कथा आपल्याकडे पोरालाही ठाऊक आहे. थापटणं एकच, मारणारा हात एकच, पण आवाज येतो तो ज्याच्या त्याच्या मडक्याचा. नाटक म्हणजे ते थापटणं. १९०७च्या प्रेक्षकावर ते पडलं आणि आवाज आला स्वातंत्र्याचा. सरकार थापटणं जप्त करू शकत होतं. मडक्यांत भरलेला आवाज कसा जप्त करणार?

भरतमुनींना हे किती आधी उमगलं होतं! नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाला 'सिद्धी' म्हटलं आहे आणि ती मोजायची कुठे, तर प्रेक्षकांत. प्रेक्षक मंद हसले, खो खो हसले, 'साधु' म्हणाले, 'अहो' म्हणाले, अंगावर काटा आला, जागेवरून उठले, अंगावरची वस्त्रं आणि बोटातल्या अंगठ्या नटाकडे भिरकावल्या, तर ती मानुषी सिद्धी. आणि सगळ्यांत वरची दैवी सिद्धी कोणती? प्रेक्षागृह भरलेलं आहे आणि कुठेही आवाज नाही, चुळबुळ नाही. नाटकाचा निकाल रंगमंचावर लागत नाही, समोर बसलेल्यांच्या देहांवर लागतो, हे कितीतरी शतकांपूर्वी कुणीतरी इतक्या बारकाईनं टिपून ठेवलं आहे!

आता 'कीचकवध' उचला आणि वेगळ्या काळात, वेगळ्या जागी ठेवून पाहा. धाराशिव जिल्हा तेव्हा इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता. सप्टेंबर १९४८पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. त्या शाळेच्या अंगणात कुणी कीचक उभा केला असता तर पोरांच्या डोळ्यांपुढे कर्झन आला असता का? त्यांचा जुलूम वेगळा होता, त्यांचा कीचकही वेगळ्या चेहऱ्याचा असता. आणि आज? आज हे नाटक पाहणाऱ्या मुलीला कर्झन आठवणारच नाही. तिला कामाच्या ठिकाणी आपल्याकडे वाकड्या नजरेनं पाहणारा साहेब आठवेल आणि 'जरा सबुरीनं घे' म्हणणारी घरातली माणसं आठवतील. शंभर वर्षं राजकीय रूपकाखाली झाकली गेलेली मूळ गोष्ट, एका बाईचा अपमान आणि भोवतीच्या पुरुषांची चूक वा बरोबर भूमिका, पुन्हा वर येईल. काळानं एक अर्थ काढून घेतला आणि दुसरा हाती ठेवला.

काही नाटकांचा अर्थ एकाच दिवशी दोन गावांत वेगळा असतो. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' घ्या. १८९९चं नाटक. पैशासाठी बाप कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. शहरातल्या नाट्यसंगीताच्या मैफलीत 'शारदा' म्हटलं की रसिक डोळे मिटतात, ताना आठवतात, थोर गायक नट आठवतात. नाटक म्हणजे सुरेल वारसा. आता तीच 'शारदा' मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यातल्या एखाद्या गावात करा. कोयता उचलून घर सहा महिने कारखान्यावर जाणार, वयात येणारी पोर मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर, म्हणून तिचं लग्न उरकायचं, हे जिथे आजही घडतं तिथे. तिथली पोर डोळे मिटणार नाही. ती डोळे विस्फारून पाहील. बालविवाहाला लगाम घालणारा पहिला देशव्यापी कायदा १९२९ साली झाला, म्हणून शहराला हे नाटक इतिहासजमा वाटतं. गावात ते यंदा कोयता उचलण्याआधीची बातमी असतं.

आणि कधी कधी एकच नाटक एकाच प्रयोगात दोन अर्थांनी धडाडतं. १६ डिसेंबर १९७२, पुणे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल', दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद यांची. रंगमंचावर नेपथ्य म्हणावं असं जवळजवळ नाहीच. एका ओळीत उभी राहिलेली माणसं! ती पाठ फिरवतात तेव्हा भिंत होते, समोर वळतात तेव्हा समाज होतो, डुलतात तेव्हा पडदा होतो. कीर्तन, खेळे, लावणी, अभंग, सगळं त्या माणसांच्या भिंतीतून उमलतं आणि भिंतीमागे जे घडतं ते झाकतंही तीच. सत्तेच्या गैरकृत्यांवर पांघरूण कोण घालतं? एका ओळीत उभी राहिलेली चांगली, भाविक माणसं. विचार मांडायला इथे वाक्य लागलंच नाही, रांग पुरली!

तेंडुलकर म्हणत होते की हे ऐतिहासिक नाटक नाही, समाज घाशीराम कसे जन्माला घालतो त्याची ही गोष्ट आहे. पण प्रयोग पुण्यात होता, जिथे नाना फडणवीस हे पाठ्यपुस्तकातलं नाव नव्हतं, शेजारच्या वाड्यातलं नाव होतं. त्या शहरात ते नाटक आपल्या माणसाचा अपमान वाटलं. वादळ उठलं आणि १९ प्रयोगांनंतर ते थांबलं. मग त्याच कलावंतांनी थिएटर अकॅडमी ही संस्था काढून ते पुन्हा उभं केलं आणि १९८० साली ते युरोपात गेलं. तिथल्या प्रेक्षकाला नाना कोण, पेशवाई काय, काहीच ठाऊक नव्हतं. त्याला दिसली सत्ता, तिनं वापरून फेकलेला माणूस आणि नाचणारी, गाणारी, झाकणारी ती भिंत. जवळून पाहणाऱ्याला चेहरा दिसला, दुरून पाहणाऱ्याला आकृती दिसली. नाटकात दोन्ही होतं.

पण मग कुणी विचारील, प्रेक्षकच अर्थ ठरवत असेल तर लेखकाचं काम काय? कशाचाही काहीही अर्थ लावायचा का?

नाही, आणि इथेच खरं कौतुक आहे. 'कीचकवधा'तून कर्झन निघाला, कारण मूळ कथेत मदांध सत्ता होती, अपमानित स्त्री होती, सबुरी आणि संताप यांचं भांडण होतं. हे हाडं-सांधे नसते तर १९०७चा संताप चिकटला कुठे असता? 'शारदे'तून कुणी कर्झन काढून दाखवावा, जमणार नाही. संहिता शक्यतांचा साठा असते. त्यातली कोणती शक्यता आज, इथे, या माणसांसमोर जागी व्हायची, ते भोवतालचं जग ठरवतं. थोर नाटककाराची थोरवी ही की त्याला न दिसलेल्या काळासाठीही त्यानं शक्यता ठेवून दिलेल्या असतात, गोंधळातल्या त्या मोकळ्या जागेसारख्या.

याचा सगळ्यात चकित करणारा पुरावा समुद्रापलीकडचा आहे. सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' १९५३ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. गावाकडचा रस्ता, एक उघडंबोडकं झाड, दोन माणसं. ती कुणा गोदोची वाट पाहतात. गोदो येत नाही. बस, एवढंच. १९५६ साली ते अमेरिकेत मायामीला आलं, हसून लोटपोट करणारं नाटक अशी जाहिरात करून. सुट्टी घालवायला आलेले, खाऊनपिऊन सुखी प्रेक्षक मध्येच उठून गेले. त्यांना काही समजेना.

पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ रोजी, तेच नाटक कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात झालं. प्रेक्षक १४०० कैदी. हे नाटक निवडण्याचं एक कारण तर असं की त्यात स्त्रीपात्र नाही. पंडितांना न उलगडलेलं नाटक या खुनी-दरोडेखोरांना काय कळणार? ते स्तब्ध बसून राहिले. त्यांना सगळं कळलं! गोदो म्हणजे बाहेरचं जग, असा अर्थ त्यांनी आपापसात सहज लावला. वाट पाहणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रिक क्लुची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला तर सभागृहात यायलाही मिळालं नव्हतं, त्यानं ते कोठडीत बसून ऐकलं. पुढे तो सुटला, नट झाला आणि खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली बेकेटच्याच नाटकात उभा राहिला.

आता तो रस्ता आणि ते झाड धाराशिवला आणा. पर्जन्यछायेतला हा जिल्हा. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आजोबा अजून पारावर बसतात. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते पाहिलेली पोरं आता कॉलेजात आहेत. भूमच्या किंवा परंड्याच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात दोन माणसं उघड्या झाडाखाली उभी करा आणि त्यांना आभाळाकडे पाहू द्या. तो आज येणार नाही, उद्या नक्की येईल, असा निरोप येऊ द्या. पटांगणातल्या कुणाला गोदोचा अर्थ विचारावा लागेल? दुसऱ्या अंकात बेकेटनं त्या झाडाला चारदोन पानं फुटलेली दाखवली आहेत. पॅरिसच्या समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. आपल्याकडचा शेतकरी त्या चार पानांकडे एकदा पाहील आणि समजेल की कुठेतरी पडला.

म्हणून नाटक फिरलं पाहिजे, गावोगाव गेलं पाहिजे. २०१७च्या एप्रिलमध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन ज्येष्ठ नट जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं, त्याचं मोल मला इथे दिसतं. शहरानं गावाला नाटक दाखवलं हा त्यातला अर्धाच भाग. नाटकाला नवा प्रेक्षक मिळाला, म्हणजेच नवा अर्थ मिळण्याची संधी मिळाली, हा उरलेला आणि मोठा भाग.

आणि उलटाही प्रवास होतो. २०१२ साली आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवा. लेखक राजकुमार तांगडे, संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि रंगमंचावर जालना जिल्ह्यातली शेतीमातीतली मंडळी. यम शिवाजी महाराजांना घेऊन चालला आहे, पण त्यांचे विचार मागेच राहिले आहेत, ते कुणाच्या डोक्यात बसतील याचा शोध सुरू होतो. मराठवाड्याच्या रांगड्या बोलीत हे नाटक मुंबई-पुण्याच्या चकचकीत नाट्यगृहांत गेलं आणि तिथल्या प्रेक्षकाला आपला ओळखीचा इतिहास शेताच्या बांधावरून पाहावा लागला. तुळजापूरच्या भवानी तलवार अलंकारातले महाराज आणि मोहल्ल्यात अवतरलेले महाराज, नाव एकच. एकाकडे आपण हात जोडून पाहतो, दुसरा आपल्याला प्रश्न विचारतो. महाराष्ट्राला दोघंही हवे आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा एक करा. तिसरी घंटा व्हायच्या आधी मागे वळून प्रेक्षागृहाकडे पाहा. कोण आलं आहे? कुठून आलं आहे? बाहेर सध्या काय चाललं आहे, पाऊस झालाय का, निवडणूक लागली आहे का, गावात कुणाचं लग्न कुणाच्या मर्जीविरुद्ध ठरलं आहे? मग दिवे मंद होतील आणि शेदीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं एखादं वाक्य ऐकून शेजारची बाई अचानक पुढे सरकून बसेल. लेखकाला ती कधी भेटली नव्हती, नटाला ती दिसत नाही. पण त्या रात्रीच्या नाटकाची ती सहलेखिका असते, आणि तिच्या शेजारी बसलेले तुम्हीही.